स्वतःचं हात्सू कसं घडवावं (आणि त्याची किंमत कशी ठरवावी)

मागच्या पावसाळ्यात आमच्या कराटेच्या वर्गातल्या एका सातवीतल्या पोराने वही पुढे केली. पानावर शिंगंवाला माणूस आणि खाली ठळक अक्षरांत, ‘शक्ती अमर्याद. एका बुक्कीत पृथ्वी फोडतो.’

मी विचारलं, “आणि पुढच्या पानावर काय?”

तो जरा थांबला, मग म्हणाला, “दुसरी पृथ्वी.”

त्या दिवसापासून आमच्याकडे रविवारी काता (ठरलेल्या हालचालींचा सराव) झाल्यावर अर्धा तास वहीचा तास असतो. नाशिकला सोसायटीच्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं कराटे शिकवतोय. पाऊस लागला की मैदान बंद, आणि हॉलमध्ये तीस पोरांना लाथा मारायला लावल्या तर खालचे जोशीकाका वर येतात. मग ज्याने त्याने आपला लढवय्या घडवायचा आणि दुसऱ्याच्या लढवय्याशी कागदावर लढवायचा. नियम मात्र माझे नाहीत. ते माझ्या भाचीने आणलेल्या ‘हंटर × हंटर’ या मांगातले, म्हणजे जपानी चित्रकथेतले, आहेत. (मधलं गुणिले उच्चारायचं नाही, नुसतं ‘हंटर हंटर’. हे न कळल्यामुळे मी वर्षभर भाचीकडून हसं करून घेतलं.)

योशिहिरो तोगाशी यांची ही मांगा 1998 पासून जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात येऊ लागली. मध्ये लेखकाच्या पाठदुखीमुळे कधी महिने, कधी वर्षं बंद. 38 वा खंड आला तो 2024 साली. आधी ॲनिमे (त्याच कथेची कार्टून मालिका) बघायचं असेल तर 2011 पासूनचं 148 भागांचं बघा. मी मुळात हे वाचायला घेतलं ते खोडी काढण्यासाठी, ‘हवेत उडणारी पोरं, काय असणार त्यात’ म्हणून. पण यातली ताकदीची पद्धत, जिला ते ‘नेन’ म्हणतात, ती कुणीतरी हिशोबाची वही मांडावी तशी मांडलेली आहे. खाली लिहितोय ते त्या वहीत स्वतःचं पान, म्हणजे आपली खास करामत, जिला ‘हात्सू’ म्हणतात, ती कशी घडवायची याबद्दल. कथेतल्या बऱ्याच गोष्टी फुटतील, तेव्हा वाचायची असेल तर आधी वाचून या.

पहिल्यांदा पाच शब्द पाठ करा. शरीरातून सतत बाहेर झिरपणारी जीवनशक्ती म्हणजे ऑरा. ती वाया जाऊ न देता अंगाभोवती धरून ठेवणं म्हणजे तेन. पूर्ण बंद करणं म्हणजे झेत्सू, लपायला आणि थकवा काढायला उपयोगी. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर काढणं म्हणजे रेन. आणि या सगळ्यातून आपली म्हणून जी खास करामत उभी राहते ती हात्सू. पोरांना थेट पाचव्यावर उडी मारायची असते. माझ्या वर्गात पांढऱ्या पट्ट्याला पहिल्याच दिवशी फिरती लाथ हवी असते, तसंच.

मांगात विंग नावाचे गुरुजी आहेत. गोन आणि किलुआ ही दोन पोरं नेनबद्दल विचारत येतात तेव्हा विंग त्यांना आधी चक्क खोटं सांगतात. ‘तेन म्हणजे मन एका ध्येयावर लावणं, झेत्सू म्हणजे ते शब्दांत बोलणं, रेन म्हणजे निश्चय तापवणं, हात्सू म्हणजे कृतीत आणणं.’ जपानी लिपीत उच्चार तेच ठेवून अक्षरं बदलली की असा दुसरा अर्थ निघतो. हत्यार पोरांच्या हातात द्यायचं नव्हतं म्हणून ही फसवणूक. पण मी वहीच्या तासाला हा खोटा धडाच आधी घेतो. तुमच्या लढवय्याला काय हवंय ते एका वाक्यात बोला. ‘सगळ्यांना हरवायचंय’ हे वाक्य नव्हे. ‘बहिणीला शोधायचंय’ हे वाक्य. ते जमल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

‘नेन’ हा शब्दही हवेतून आलेला नाही. जपानी बौद्ध ग्रंथांत ‘स्मृती’ या संस्कृत शब्दासाठी हेच अक्षर वापरतात. अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती म्हणजे त्यांचं ‘शोनेन’. साप्ताहिकाच्या नावातला ‘शोनेन’ वेगळा, त्याचा अर्थ मुलगा. यावर आमच्याकडे एकदा वीस मिनिटं वाद झाला होता, तो इथे नको.

आता ग्लासाची परीक्षा. आपण कोणत्या जातीचे नेनवाले आहोत हे ओळखण्यासाठी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घ्यायचा, वर एक पान तरंगत ठेवायचं, दोन्ही तळहात ग्लासाच्या बाजूंना धरायचे आणि रेन करायचं. पाण्याचं काय होतं त्यावरून सहा प्रकार. त्यांची इंग्रजी नावं पोरांच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही मराठीत पाडली.

पाणी वाढून सांडलं तर तुम्ही वाढव्या. आहे ती ताकद वाढवणारे, गोनसारखे. पाण्याची चव बदलली तर पालट्या. ऑरालाच दुसऱ्या कशाचे गुण देणारे. किलुआच्या ग्लासात दिसायला काहीच झालं नाही, चाखल्यावर पाणी किंचित गोड लागलं. पाण्यात कसले तरी कण उमटले तर घडव्या, म्हणजे ऑरापासून वस्तू घडवणारे. पाण्याचा रंग बदलला तर सोड्या, ऑरा अंगापासून दूर फेकणारे. पान हललं तर हाक्या, वस्तूंना किंवा माणसांना हाकणारे. आणि यातलं काहीच न होता भलतंच काही झालं तर निराळ्या. आमच्या हॉलमध्ये आम्ही ही परीक्षा खरंच घेतली, स्टीलच्या पेल्यात तुळशीचं पान टाकून. सगळेच्या सगळे हाक्या निघाले. पंखा चालू होता.

तेव्हा कागदावर जात ठरवायची तर स्वभावावरून ठरवा. मांगात हिसोका नावाचा एक भामटा आहे, त्याचे अंदाज आहेत. वाढव्या सरळ आणि हट्टी, पालट्या लहरी आणि थापाडे, घडव्या चिकित्सक आणि चिडके, सोड्या उतावळे, हाक्या तर्काने चालणारे आणि आपल्याच चालीचे, निराळ्या एकटे पण लोकांना ओढून घेणारे. हे शास्त्र नाही, आणि सांगणारा स्वतः पालट्या आहे हे विसरू नका. पण पोरांना लावून बघितलं तर मजा येते. पृथ्वी फोडणारा पोरगा अर्थातच वाढव्या. माझी भाची म्हणते, “मामा, तू हाक्या. तीस जणांना एका शिट्टीवर उठबशा काढायला लावतोस.”

यानंतर गणित येतं, आणि नव्वद टक्के वह्या इथेच बिघडतात. सहा प्रकार एका षट्कोनावर मांडा. वाढव्या, त्याच्या शेजारी पालट्या, मग घडव्या, मग निराळ्या, मग हाक्या, मग सोड्या, आणि सोड्याच्या पुढे पुन्हा वाढव्या. आपल्या जातीचं काम शंभर टक्के जमतं. शेजारच्या दोन्ही घरांतलं ऐंशी टक्के, त्यापलीकडचं साठ, अगदी समोरचं चाळीस. निराळ्याचं घर मात्र निराळे नसलेल्यांना शून्य. म्हणजे वाढव्याला ऑरा फेकणं किंवा पालटणं ऐंशीने जमेल, वस्तू घडवणं किंवा हाकणं साठाने. घडव्याला ऑरा दूर फेकणं चाळीसच. हा षट्कोन वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा. माझ्याकडे तो खडूने फळ्यावर कायम असतो आणि सफाईवाल्या मावशींना तो पुसायचा नाही हे माहीत आहे.

हे गणित न पाळलं की काय होतं ते कास्त्रोच्या लढाईत बघा. कास्त्रो मूळचा वाढव्या, हाताचा पंजा वाघाच्या जबड्यासारखा करून मारायची त्याची विद्या जबरदस्त. पण हिसोकाकडून एकदा हरल्यावर त्याने स्वतःची हुबेहूब दुसरी प्रतिमा उभी करायची करामत शिकली. प्रतिमा घडवायची, ती हाकायची, म्हणजे दोन्ही कामं साठाच्या घरातली. दिसायला भारी. हिसोकाला आधी कळेना की फटका कुठून येतोय. मग त्याने बघितलं की लढता लढता खऱ्या कास्त्रोला धूळ लागते, कपडे मळतात, प्रतिमा मात्र कोरी करकरीत. कारण कास्त्रोने स्वतःला मनात तसंच पाहिलेलं. तिथेच खेळ संपला. मरता मरता कास्त्रोला ऐकावं लागलं की त्याने आपली ‘मेमरी’ फुकट घालवली. माणसात हात्सूसाठी जागा ठराविक असते, ती भलत्या कामाला दिली की स्वतःच्या कामाला उरत नाही.

मला ही लढाई का आवडते ते सांगतो. दरवर्षी एखादा धिप्पाड पोरगा येतो, ज्याचा सरळ ठोसा भिंत हलवेल असा असतो, आणि त्याला शिकायची असते उडी मारून गिरकी घेत मारायची लाथ. मी त्याला कास्त्रोचं पान वाचायला देतो. काहींना कळतं. काही उडी मारतात आणि गुडघा धरून बसतात.

तर पहिला नियम असा की करामत आपल्या घरातली किंवा फार तर शेजारच्या घरातली घ्या. गोनचं जाजांकेन बघा. दगड-कागद-कात्रीच्या खेळावर बेतलेलं. दगड म्हणजे नुसता वाढवलेला ठोसा, शंभर टक्के. कात्री म्हणजे ऑराची पालटून केलेली धार आणि कागद म्हणजे फेकलेला गोळा, दोन्ही शेजारची घरं. बारा वर्षांच्या पोराने सुचवलेली कल्पना म्हणून ती साधी वाटते, पण षट्कोनावर ठेवून बघा, एक रेघ इकडची तिकडे नाही. तोटा एकच, ठोसा मारण्याआधी तो मोठ्याने खेळाचे बोल म्हणतो आणि समोरच्याला तयारीला वेळ मिळतो.

दुसरा नियम मी वर्गात सगळ्यात जास्त घोळवतो. करामत जगलेल्या गोष्टीतून घ्या. किलुआचा ऑरा विजेसारखा का? कारण त्याच्या घरच्यांनी लहानपणापासून त्याला विजेचे झटके देऊन तयार केलं. वीज म्हणजे काय ते त्याच्या कातडीला माहीत आहे. आणि तरी तिला चार्जिंग लागतं, भिंतीतल्या सॉकेटला हात लावून.

कुरापिका नावाच्या आणखी एका पात्राची तर अख्खी तालीमच दिली आहे. त्याला साखळी घडवायची होती. गुरूने त्याच्या हातात खरी साखळी दिली आणि सांगितलं की हिच्याशी राहा. डोळे मिटून चाचपायची, कड्या वाजवून ऐकायची, वास घ्यायचा, चाटायची, चित्रं काढायची. दिवसचे दिवस दुसरं काही करायचं नाही. मग एक दिवस गुरूने साखळी काढून घेतली. आधी ती स्वप्नात यायला लागली. मग जागेपणी दिसायला लागली, मग हाताला वजन लागायला लागलं, थंडपणा लागला, आवाज आला. आणि मग एके दिवशी ती खरोखरच हातात होती.

हे मी पोरांना करायला लावतो, नेन येत नसलं तरी. तुमच्या लढवय्याची वस्तू कोणती? घरातली आणा. वीस मिनिटं हातात धरा. आता पिशवीत टाका आणि न बघता काढा. एकाने तलवार काढली होती, दगडी मूठ, वर ड्रॅगन. मी म्हटलं, मूठ ओली झाली की हात सरकतो का? त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आईच्या विळीबद्दल विचारलं तर धडाधडा सांगायला लागला. लाकडी पाट एका बाजूने झिजलाय, पातं वर दुमडताना कुईं वाजतं, नारळ खवताना पाय कुठे ठेवायचा, खवणीच्या दात्यांत काय अडकतं. झालं, आता त्याचा लढवय्या विळीवर बसूनच लढतो. हसू येतं, पण त्याला अजून कुणी हरवलेलं नाही, कारण त्याच्या जवळ यावंच लागतं आणि तो जागचा हलत नाही.

यात तिसरी गोष्ट आपोआप आली ती म्हणजे अट. हलायचं नाही, ही अट आहे. नेनमध्ये स्वतःवर बंधन घालून घेतलं आणि ते मोडलं तर काय भोगायचं याची शपथ घेतली की ताकद वाढते. बंधन जितकं जाचक, वाढ तितकी मोठी. याचं टोक पुन्हा कुरापिकाच. त्याची एक साखळी फक्त एका टोळीच्या माणसांवरच वापरायची, इतर कुणावर वापरली तर मरण. त्या शपथेची कडी त्याने स्वतःच्या काळजात रोवून घेतली. त्यामुळे नवशिका असूनही त्याने टोळीतला सगळ्यात दांडगा गडी जखडला. त्याची दुसरी करामत डोळे लाल झाल्यावरची, जिच्यात सगळ्या घरांची कामं शंभर टक्क्यांनी जमतात. तिची किंमत बऱ्याच उशिरा कळते. एका सेकंदाच्या वापराला आयुष्यातला एक तास. वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करून बघा. एक मिनिट वापरलं तर अडीच दिवस गेले. एक तास वापरलं तर दीडशे दिवस.

पोरं इथे लगेच ‘माझा लढवय्या मरेल’ अशी अट घालतात. सगळेच मरणार. मी ती पुसायला लावतो. मरण ही आळशी अट आहे, कुरापिकाला शोभते कारण त्याच्या मागे तशी गोष्ट आहे. अटी बारीक घाला, व्यवहारातल्या घाला. मांगात बघा कशा आहेत. शिझुकूची करामत म्हणजे एक व्हॅक्यूम क्लीनर. काहीही ओढून घेईल, पण जिवंत वस्तू नाही आणि नेनने घडवलेली वस्तूही नाही. क्रोरो दुसऱ्यांची हात्सू चोरतो, पण आधी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, तिच्याबद्दल प्रश्न विचारून उत्तर मिळवायचं, मालकाचा तळवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर टेकवायचा, आणि हे सगळं एका तासात. गेंथ्रू माणसाच्या अंगावर बॉम्ब लावतो, पण तो कसा काम करतो हे त्या माणसाला समजावून सांगितल्यावरच त्याची उलटी मोजणी सुरू होते. या एका अटीसाठी मी तोगाशींना दंडवत घालतो. मांगातली माणसं लढता लढता स्वतःची करामत का समजावत बसतात, असं आपण कुरकुरतो ना, त्याला इथे कारण मिळालं.

माझी लाडकी करामत मात्र नकल नावाच्या लढवय्याची. तो ठोसा मारतो तेव्हा समोरच्याला इजा होतच नाही, उलट ऑरा उधार मिळतो. मग दर दहा सेकंदांना दहा टक्के व्याज, व्याजावर व्याज. पाच मिनिटांत मुद्दल सतरा पटीच्या वर जातं, आम्ही कॅल्क्युलेटरवर केलंय. कर्ज समोरच्याच्या एकूण ऑराच्या पलीकडे गेलं की त्याचं दिवाळं, आणि तीस दिवस सक्तीचं झेत्सू. आपल्याकडे सावकारीच्या इतक्या गोष्टी ऐकलेल्या असताना हे आपल्यापैकी कुणाला आधी सुचू नये याचं मला वाईट वाटतं.

लढताना लागणाऱ्या बाकीच्या तंत्रांवर जास्त वेळ घालवू नका. ऑरा डोळ्यांत जमवून लपलेलं बघणं ते ग्यो. लपवणं ते इन. दूरपर्यंत पसरून चाहूल घेणं ते एन. हातातल्या वस्तूवर चढवणं ते शू. अंगभर जाड धरून ठेवणं ते केन. सगळाच्या सगळा एका मुठीत आणणं ते को, आणि तेव्हा बाकीचं अंग उघडं. लढता लढता तो इकडे सत्तर, तिकडे तीस असा फिरवत राहणं ते र्‍यू. कागदावरच्या लढाईत र्‍यू फार कामाला येतं. प्रत्येक फेरीआधी दोघांनी चिठ्ठीवर लिहायचं की शंभरपैकी किती मुठीत, किती पोटावर, किती पायांत. मग चिठ्ठ्या उघडायच्या. खऱ्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, मी हेच शिकवतो, फक्त तिथे आकडे नसतात, नाक असतं.

सरावाचं पानही वहीत असलं पाहिजे. ताकद कधी आणि कशी वाढली ते लिहा. बिस्किट नावाच्या गुरुबाई स्पष्ट सांगतात की रेन टिकवायची मुदत दहा मिनिटांनी वाढवायला महिना लागतो. आणि नेतेरो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, हा माणूस डोंगरात जातो आणि ज्या विद्येने आपल्याला घडवलं तिचे आभार म्हणून रोज दहा हजार सरळ ठोसे मारायला लागतो. श्वास स्थिर करायचा, हात जोडायचे, प्रार्थना, पवित्रा, ठोसा. सुरुवातीला रोजच्या दहा हजारांना अठरा तासांहून जास्त वेळ लागायचा.

हे वाचून मी गच्चीवर गेलो. मोबाइलवर टायमर लावला आणि तसेच, नमस्कारासकट, एक हजार ठोसे मारले. सेइकेन, म्हणजे पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर येणारा ठोसा. एक तास पन्नास मिनिटं लागली. दहाने गुणा, अठरा तास वीस मिनिटं. मांगा वाचताना मला खरा धक्का बसला तो इथे. लेखकाने आकडा उगाच ठोकलेला नव्हता. चारशेव्या ठोशानंतर खांदा नव्हे, गुडघे बोलायला लागले, कारण पवित्रा दर वेळी नव्याने घ्यायचा असतो. सातशेनंतर नमस्कार ढिला पडला. आठ दिवस उजवं मनगट डब्याचं झाकण उघडू देत नव्हतं, तेव्हा हा प्रयोग करू नका. पण तुमच्या लढवय्याचा सराव लिहिताना आधी कोणता सांधा दुखतो ते लिहा.

पन्नाशी ओलांडल्यावर नेतेरोचे तेच दहा हजार एका तासाच्या आत व्हायला लागले. ठोशामागे सेकंदाचा तिसरा हिस्सा. उरलेला वेळ तो प्रार्थनेत घालवू लागला. त्यातून त्याचं हात्सू आलं, शंभर प्रकारांची कान्नोन. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, चीनमार्गे जपानला पोचलेला. बोरिवलीला कान्हेरीच्या 41 व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. वर्गाची सहल गेली होती तेव्हा तो बघून एक पोरगी ओरडली, “सर, नेतेरोचा देव!” शेजारचे पर्यटक बघत राहिले. मला तिला दटावता आलं नाही, कारण ती बरोबर होती.

आता एक हात्सू शेवटपर्यंत करून दाखवतो. आमच्याकडे एक आठवीतली मुलगी आहे, वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. तिचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. वस्तू आणा म्हटल्यावर तिने तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना पंच आणला. हातात धरून टिक-टिक वाजवला तेव्हा मीसुद्धा क्षणभर खिसा चाचपला.

जात तिने ठरवली घडव्या. करामत अशी की ती समोरच्याला विचारते, “कुठं जायचं?” त्याने स्वतःच्या तोंडाने ठिकाण सांगितलं की तिच्या हातात तिकीट घडतं, पंच होतं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याला ऑरा वापरता येत नाही. भाडं त्याच्याच ऑरातून कापलं जातं.

पोरं तुटून पडली. “तो म्हणाला, इथंच उतरायचंय, तर?” ती म्हणाली, चढला तिथेच उतरणाऱ्याला तिकीट नाही. “चंद्रावर म्हणाला तर?” यावर ती आठवडाभर गप्प होती. पुढच्या रविवारी लिहून आणलं, जिथे ती स्वतः एसटीने गेली आहे तेवढ्याच गावांचं तिकीट निघतं. खाली यादी: सिन्नर, त्र्यंबक, येवला, मनमाड, एकदा सुरगाणा. ताकद वाढवायची तर प्रवास करायचा. आता घरच्यांच्या मागे लागून ती कळवणला जाऊन आली.

भाचीने षट्कोनावर बोट ठेवलं. “तिकीट घेऊन तो निघून गेला की वस्तू अंगापासून लांब गेली. ती टिकवणं सोड्याचं काम. घडव्याला चाळीस टक्के. सिन्नर फाट्यालाच तिकीट विरघळेल.”

मला वाटलं आता रडणार. तिने पंच दोनदा वाजवला आणि म्हणाली, “कंडक्टर गाडी सोडून जातो का? मी बरोबर जाणार.” म्हणजे शत्रूसोबत सुरगाण्यापर्यंत हाताच्या अंतरावर चालत जायचं. अट आली, गणितही सुटलं. आणि शपथ तिने घातली ती सुट्ट्या पैशांची. भाड्यापेक्षा जास्त कापलेला ऑरा ती तिकिटामागे पेनने लिहून देते. उतरताना तो परत करायचा. विसरली तर तितके दिवस तिचं स्वतःचं झेत्सू.

वर्ग सुटला, चपला घालत होतो. ती दारात पंच घेऊन उभी. “सर, कुठं जायचं?”

मी बोलून गेलो, “घरी.”

टिक.

सोसायटीच्या फाटकापर्यंत ती माझ्या शेजारून चालत आली आणि वहीचा फाडलेला तुकडा हातात ठेवून रिक्षात बसली. मागे निळ्या पेनने लिहिलंय, ‘रु. 2 देणे’. तीन रविवार झाले, अजून आलेले नाहीत.